दोन उबदार शेड, एक खोली: जवळजवळ सारख्या रंगांतून एक कसा निवडायचा

शेड कार्डावरच्या शेकडो रंगांतले बहुतेक पहिल्या नजरेतच बाद होतात. पंचाईत होते ती शेवटी. दोन शेड उरतात, दोन्ही क्रीम आणि करड्याच्या मधे कुठेतरी, दोन्ही आवडलेल्या, आणि त्यांच्यात नेमका फरक काय हे घरात कुणालाच धड सांगता येत नाही. मग कुणीतरी वैतागून म्हणतं, "कुठलाही लावा, सारखेच तर आहेत." कार्डावर असतीलही सारखे. चारही भिंतींवर चढल्यावर मात्र एकीने खोली उजळते आणि दुसरीने भिंती वर्षभर न पुसल्यासारख्या दिसू लागतात.

"दोघींत चांगली कुठली?" या प्रश्नाला उत्तर नसतं, म्हणून तो विचारायचाच नाही. या खोलीच्या उजेडात, या फरशीशेजारी, आपण इथे ज्या वेळी वावरतो त्या वेळी, दोघींपैकी कुठली बिघडते, ते शोधायचं. बहुतेक वेळा एक बिघडतेच. तिला वगळलं की काम झालं. पुढचा सगळा खटाटोप ती बिघडणारी शेड डबा उघडण्याआधी पकडण्यासाठी आहे.

आधी झाक ओळखा

बेज, क्रीम, हस्तिदंती, मातकट करडा, नाव काहीही असो, हे सगळे मुळात पांढरेच रंग. पांढऱ्या बेसमध्ये, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडच्या रंगात, मशीन थेंब-थेंब रंगद्रव्य टाकतं: बहुधा पिवळा ऑक्साइड, लाल ऑक्साइड आणि काळा. या तिघांचं प्रमाण किंचित हललं की झाक बदलते. लाल थोडा जास्त पडला की गुलाबीकडे किंवा पीचकडे कल जातो. पिवळा आणि काळा यांचंच राज्य असेल तर शेड शेवाळी होते, कारण पिवळ्यात काळा मिसळला की तो हिरवट दिसतो. कार्डावर सभ्य वाटणारी शेड भिंतीवर खाकी का झाली, याचं उत्तर बऱ्याचदा एवढंच असतं.

झाक एकट्या रंगात दिसत नाही, शेजारी ठेवल्यावर दिसते. दोन्ही कार्डांच्या कडा एकमेकींना भिडवून ठेवा. वेगवेगळी पाहताना दोन्ही 'बेज' होती, आता एक गुलाबी वाटेल आणि दुसरी पिवळट. या टप्प्यावर आवडनिवड ठरवू नका, फक्त नाव द्या: ही गुलाबीकडची, ती पिवळ्याकडची. त्यानंतर दोन्ही एका पांढऱ्या तुकड्यावर ठेवा. छपाईचा साधा कागद इथे फसवतो. त्यात शुभ्र दिसण्यासाठी घातलेली रसायनं असतात, त्यामुळे तो निळसर पांढरा असतो आणि त्याच्याशेजारी कुठलीही उबदार शेड उगाच पिवळी दिसते. तुमच्या छताला किंवा दाराच्या चौकटीला जो पांढरा लागणार आहे त्याचंच कार्ड घ्या. शेवटी भिंत त्याच्याच शेजारी राहणार आहे.

आणखी एक सोपी खूण आहे. फिकट शेड ज्या पट्टीवर आहे, त्याच पट्टीच्या तळाची सगळ्यात गडद शेड पाहा. वर दबलेली झाक खाली उघडी पडते. सगळ्याच पट्ट्या एकाच सूत्राने बनलेल्या नसतात, म्हणून याला पुरावा मानू नका, इशारा समजा. त्याहून भरवशाची गोष्ट म्हणजे नमुन्याच्या डब्यावरचं लेबल. मशीनने मिसळलेल्या रंगाच्या डब्यावर बहुधा कुठलं रंगद्रव्य किती पडलं ते छापलेलं असतं. ते संक्षेपात असतं, पण विचारलं तर मशीनवरचा माणूस उलगडून सांगतो. एका शेडमध्ये लाल आहे आणि दुसरीत अजिबात नाही, एवढं जरी कळलं तरी पुढे काय शोधायचं ते कळतं.

मग राहतो उजळपणा. बऱ्याच कंपन्या प्रत्येक शेडचा एलआरव्ही देतात. भिंत किती टक्के उजेड परत फेकते त्याचा हा आकडा, ० म्हणजे काळाकुट्ट आणि १०० म्हणजे आदर्श पांढरा. दोन शेडमध्ये दोन-तीन अंकांचाच फरक असेल तर उजळपणावरून भांडण्यात अर्थ नाही, सगळा प्रश्न झाकेचा आहे. पाच-सहा किंवा जास्त असेल तर एक शेड खरोखर गडद आहे, आणि तुम्हाला आवडतोय तो कदाचित रंग नाही, फक्त फिकेपणा आहे. असं असेल तर गडद शेडचीच एक पायरी फिकट आवृत्ती मागवून मग तुलना करा. नाहीतर दोन वेगळे प्रश्न एकाच वेळी सोडवत बसाल.

नमुना भिंतीवर नाही, फळीवर

जुन्या भिंतीवर दोन ठिगळं मारून चार पावलं मागे जाऊन पाहणं ही सर्रास पद्धत आहे, आणि मला ती जवळजवळ निरुपयोगी वाटते. जुना रंग चारही बाजूंनी नव्याला वेढून बसतो आणि डोळा त्या वेढ्याच्या हिशेबाने रंग वाचतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल पॅरिसच्या गोबलँ विणकाम कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख होते. काही काळे धागे फिके पडतात अशी तक्रार त्यांच्याकडे आली. धागे तपासले तर रंगाईत खोट निघेना. निळ्या-जांभळ्याच्या शेजारी विणल्यामुळे ते काळे दुबळे दिसत होते. १८३९ मध्ये त्यांनी हा शेजाराचा नियम सविस्तर मांडला. तुमची जुनी भिंत फिकट निळी असेल तर तिच्यावरचं बेजचं ठिगळ नारिंगीकडे झुकलेलं दिसणार, आणि हिरवट असेल तर गुलाबीकडे. रंगाचा त्यात काही दोष नाही.

म्हणून नमुने सुट्या फळीवर करा. जाड पांढरा पुठ्ठा, फोम बोर्ड किंवा प्रायमर मारलेली पातळ प्लाय, काहीही चालेल. आकार निदान ए-३ कागदाएवढा हवा, दोन फूट बाय दोन फूट मिळाला तर उत्तम. लहान तुकड्यावर रंग जेवढा गुळमुळीत दिसतो त्याहून मोठ्या क्षेत्रावर तो उजळही दिसतो आणि ठळकही, आणि तेच नेमकं पाहायचं आहे. भिंतीला वापरणार त्याच रोलरने दोन हात मारा. कडेने दोन-तीन बोटं पांढरी पट्टी मोकळी सोडा, म्हणजे जुन्या भिंतीचा शेजार थोडा तुटतो.

फिनिशही, म्हणजे रंगाच्या चकाकीचा प्रकार, तोच घ्या जो शेवटी लावणार आहात. तीच शेड मॅटमध्ये मऊ आणि किंचित फिकट दिसते, सॅटिनमध्ये जरा खोल. एक नमुना मॅट आणि दुसरा सॅटिन असेल तर तुम्ही रंगांची तुलना करत नाही, चकाकीची करताय.

ओल्या रंगावर मत बनवू नका. पाण्याच्या इमल्शनमधला बाइंडर, म्हणजे रंगद्रव्याला धरून ठेवणारा घटक, ओला असताना दुधाळ असतो आणि वाळल्यावर पारदर्शक होतो, त्यामुळे रंग सहसा वाळल्यावर एक घर गडद होतो. एक दिवस जाऊ द्या.

आणि फळ्यांच्या मागे शेडचं नाव लिहू नका. 'अ' आणि 'ब' लिहा. रंगांना नावं देणाऱ्यांचा हात फार मऊ असतो, आणि 'पहाटेची वाळू' विरुद्ध 'ओली माती' असा सामना असेल तर घरातला अर्धा कौल नावालाच पडतो.

फळ्या घेऊन खोलीभर फिरा

वेळ द्यायचा तो इथे. फळी नेहमी उभी धरा, भिंतीला टेकवून. टेबलावर किंवा जमिनीवर आडवी ठेवलेली फळी वरून येणारा उजेड झेलते आणि भिंतीपेक्षा फिकट दिसते. उभ्या भिंतीचा रंग आडव्या तुकड्यावर निवडणं ही इतकी साधी चूक आहे की तिच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही.

दोन्ही फळ्या आधी खिडकीशेजारच्या भिंतीला लावा, मग खिडकीसमोरच्या, मग सगळ्यात आतल्या कोपऱ्यात. खिडकीसमोरच्या भिंतीवर थेट उजेड पडतो, तिथे दोन्ही बऱ्या दिसतील. खिडकी ज्या भिंतीत आहे ती भिंत मात्र कायम सावलीत असते आणि शेजारी लख्ख उजेड असल्यामुळे आणखीच काळवंडलेली भासते. पिवळ्या-काळ्यातून झालेली शेड इथे पहिल्यांदा घात करते: समोरच्या भिंतीवर क्रीम असलेली फळी आतल्या कोपऱ्यात सरकवत नेली की मधेच कुठेतरी ती खाकी होते, आणि ते वळण डोळ्यांदेखत दिसतं. गुलाबीकडची शेड त्याच कोपऱ्यात करडी-जांभळट होऊ शकते. दोन्हींपैकी कुठली कोपऱ्यात आधी हात टेकते, ते टिपून ठेवा.

कोपऱ्यात आणखी एक प्रयोग करा. एकाच शेडच्या दोन फळ्या (किंवा एकच कापून दोन तुकडे) काटकोनात, पुस्तक अर्धं उघडावं तशा उभ्या करा आणि आतल्या घडीत पाहा. तिथला रंग बाहेरच्यापेक्षा गडद आणि जास्त रंगीत दिसेल, कारण एका पृष्ठभागावरून उडालेला उजेड आधीच रंगलेला असतो आणि दुसऱ्यावर आपटून पुन्हा रंगतो. चारही भिंती एकाच रंगाच्या झाल्यावर सगळ्या खोलीत हेच होणार आहे. कार्डावर जेमतेम जाणवणारी झाक खोलीत बोलायला लागते ती यामुळे. दोघींत अगदीच निर्णय होत नसेल तेव्हा मी त्यातल्या त्यात करडी, कमी रंगीत शेड उचलायला सांगतो, तेही याच कारणाने: जे कमी आहे ते खोली स्वतः वाढवते.

दिशेचा हिशेब थोडक्यात असा. उत्तर गोलार्धात उत्तरेकडच्या खिडकीतून थेट ऊन फारसं येत नाही, मुख्यतः आकाशाचा निळसर उजेड येतो; दक्षिण गोलार्धात हीच गोष्ट दक्षिणेच्या खिडकीची. अशा खोलीत कमी रंगाची बेज सरळ करडी पडते, तेव्हा दोघींतली जरा जास्त उबदार शेड टिकते. वर दिलेला करड्या शेडचा सल्ला इथे उलटा होतो. पश्चिमेच्या खोलीत सकाळी भिंती मंद आणि संध्याकाळी नारिंगी. तिथे पिवळ्याकडची शेड संध्याकाळी भडकते. खिडकीबाहेर काय आहे तेही पाहा. दाट झाडं असतील तर पानांवरून हिरवा उजेड आत येतो आणि पिवळट बेजला हिरवट करतो, गुलाबीकडची तिथे तग धरते. समोर विटांची लाल भिंत असेल तर नेमकं उलट.

सकाळ, भरदुपार, दिवेलागणीच्या आधीचा अर्धा तास आणि रात्र, एवढ्या वेळा पाहा. एखादा ढगाळ दिवस मिळाला तर सोडू नका, ढगाळ उजेड झाक लपवत नाही. सगळ्या वेळांना सारखं वजन देऊ नका, मात्र. झोपायच्या खोलीत दुपारी दोन वाजता कुणी नसेल तर दुपारी दोनचा रंग कसाही असू दे. खोली ज्या वेळी खरोखर वापरात असते त्या वेळच्या दिसण्याला कौल द्या.

एक सवय लावून घ्या: खोलीत शिरल्या शिरल्या काय दिसलं ते लगेच लिहायचं. पाच-दहा मिनिटं बसलात की डोळा त्या उजेडाला सरावतो आणि सगळ्याच झाका बोथट होतात. फोनवर फोटो काढून नंतर तुलना करू असं म्हणू नका. कॅमेरा पांढऱ्याचा समतोल आपापला ठरवतो आणि नेमकी तीच उब खाऊन टाकतो जी तुम्ही तपासताय. फोटो काढायचाच तर दोन्ही फळ्या एकाच चौकटीत हव्यात, म्हणजे रंग चुकला तरी फरक राहतो. घरात वयस्कर माणसं असतील तर त्यांना वेगळं विचारा. वयाबरोबर डोळ्याचं भिंग पिवळसर होत जातं, त्यामुळे त्यांचं मत वेगळं पडलं तर तो हट्टच असेल असं नाही.

जे बदलणार नाही त्याच्याशी जुळवा

पडदे, गाद्या, गालिचा उद्या बदलतील. फरशी, दारांचं लाकूड, दगडी ओटा, भिंतीतलं कपाट बदलणार नाही. म्हणून फळीचा खालचा काठ फरशीला टेकवून उभी करा आणि दोघांची सीमारेषा पाहा. रंगांचं जमत नसेल तर भांडण त्या रेषेवर दिसतं.

तर्काने हे सोडवायला गेलं तर फसगत होते, कारण दोन गोष्टी उलट दिशांनी ओढतात. फरशी लालसर असेल तर शेजारामुळे तिच्यालगतची भिंत हिरवट भासते; पण त्याच फरशीवरून उडालेला लालसर उजेड भिंतीच्या खालच्या भागाला गुलाबी करतो. कोण जिंकेल ते फरशी किती रंगीत आहे आणि तिच्यावर किती उजेड पडतो यावर अवलंबून. म्हणून फळी खाली टेकवूनही पाहा आणि डोळ्याच्या उंचीवर धरूनही. एक शेड दोन्हीकडे ओळखीची राहत असेल आणि दुसरी वर बेज, खाली पीच असं रूप पालटत असेल, तर पहिली घ्या.

मग पांढरा. उबदार शेडचा सगळ्यात मोठा वैरी म्हणजे छताचा निळसर, झगझगीत पांढरा. त्याच्याशेजारी चांगली बेजही मळकट वाटते आणि दोष बेजला लागतो. दोन्ही शेड नाराज करत असतील तर भिंतीचा रंग बदलण्याआधी छताच्या पांढऱ्याचा एक उबदार नमुना फळ्यांच्या डोक्यावर धरून पाहा. दारं-खिडक्यांना ऑइल पेंट लागणार असेल तर तोही ध्यानात ठेवा: हा अल्किड रंग काळाबरोबर, आणि अंधाऱ्या जागी जास्तच, पिवळा पडतो. पिवळ्याकडच्या भिंतीशेजारी ते खपून जातं, गुलाबीकडच्या शेजारी डोळ्यात येतं.

दिवा आधी ठरवा, मग रात्रीचा कौल घ्या

रात्री भिंतीचा रंग म्हणजे अर्धा दिव्याचा रंग. बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो: २७०० ते ३००० पिवळसर उबदार, ४००० मधला, ६५०० थंड पांढरा. २७०० च्या दिव्याखाली पिवळ्याकडची शेड लोणकढ्या तुपासारखी पिवळी होते आणि करडी शेड सुरेख बेज दिसते. ६५०० च्या दिव्याखाली दोन्हींचा ऊबदारपणा गळतो आणि गुलाबीकडची निस्तेज पडते. त्याच खोक्यावर सीआरआय पाहा, म्हणजे त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा. ८० हा आकडा सर्रास आढळतो, पण बेजसारख्या नाजूक रंगांसाठी ९० किंवा वरचा घ्या, कारण स्वस्त एलईडीमध्ये लाल रंग नीट उमटत नाही आणि दोन शेडमधला फरक तर बऱ्याचदा त्या लालमध्येच असतो.

दुकानातल्या ट्यूबखाली तंतोतंत सारख्या दिसलेल्या शेड घरी फुटून वेगळ्या निघणं हा भास नाही. वेगळ्या रंगद्रव्यांनी बनलेले दोन रंग एका उजेडात जुळू शकतात आणि दुसऱ्यात नाही. रंगशास्त्रात याला मेटामेरिझम म्हणतात. एका कंपनीची शेड दुसऱ्या कंपनीत 'मॅच' करून घेतली तरी हाच धोका असतो. जी फळी पसंत केली त्याच कंपनीचा, त्याच प्रकारचा डबा घ्या.

ठरवलेला बल्ब लावून रात्री फळ्या पाहिल्यावर असं होऊ शकतं की दिवसा जिंकलेली शेड रात्री हरते. तेव्हा रंग बदलायची घाई करू नका. बल्ब बदलून पाहा. तो भिंतीपेक्षा स्वस्तात बदलतो.

अजूनही ठरत नसेल तर

टिपलेल्या नोंदी काढा आणि कौतुक खोडा, तक्रारीच वाचा. 'अ: कोपऱ्यात हिरवट, संध्याकाळी ठीक. ब: सकाळी गुलाबी, फरशीशी छान.' आता विचार करा, यातली कुठली तक्रार रोज डोळ्यांसमोर येणार आहे? हिरवट होणारा कोपरा कपाटामागे जाणार असेल तर ती तक्रार नाहीच.

इतकं करूनही दोघी बरोबरीत राहिल्या तर त्या खोलीला दोन्ही चालतात, आणि शेजारच्या खोलीच्या रंगाशी जी जमते ती घ्या. मात्र एक करू नका: एका भिंतीला अ आणि लगतच्या भिंतीला ब. ठळक वेगळे रंग मुद्दाम लावलेले दिसतात. जवळजवळ सारखे रंग कोपऱ्यात भेटले की रंग कमी पडला म्हणून दुसरा डबा आणला असं वाटतं. दोन्ही शेड अर्ध्या-अर्ध्या मिसळायची कल्पनाही कुणीतरी मांडतंच. एकाच कंपनीचा, एकाच फिनिशचा रंग असेल तर मिश्रण जमतं, पण सहा महिन्यांनी ओरखडा पडला की ते प्रमाण कुठून आणणार? त्यापेक्षा आवडलेल्या शेडचं सूत्र तीन-चतुर्थांश करून मागा. बऱ्याच ठिकाणी मशीनवर ते करून मिळतं, आणि लेबलवर नोंदही राहते. निम्म्या-पाऊण सूत्राची मात्र फळी नव्याने करावी लागेल. रंगद्रव्य कमी झालं की झाकेचा तोल थोडा हलू शकतो.

डबे आल्यावर

सगळे डबे एकाच वेळी, एकाच बॅचचे घ्या. तरीही डब्या-डब्यात बारीक फरक पडू शकतो, म्हणून रंगाऱ्याला सांगा की सगळे डबे एका मोठ्या बादलीत ओतून ढवळून घ्यायचे आणि मग काम सुरू करायचं. ते जमत नसेल तर निदान डबा भिंतीच्या मधोमध संपू देऊ नका, कोपऱ्यावर बदला. पहिल्या डब्यातला थोडा रंग फळीवर, जुन्या नमुन्याच्या अगदी लगत मारून वाळू द्या. सीमारेषा दिसली तर डबा परत न्यायची वेळ हीच. भिंतीवर चढलेला रंग कुणी परत घेत नाही.

पुट्टी मारलेल्या भिंतीला प्रायमर हवाच. नाहीतर जिथे पुट्टी जास्त पिते तिथे रंग मातकट आणि बाकी ठिकाणी लखलखीत, असे ठिपके पडतात आणि खापर शेडवर फुटतं. पहिला हात वाळल्यावर दिसणाऱ्या रंगाने घाबरू नका, खालचा रंग अजून डोकावत असतो.

काम झालं की उरलेला रंग काचेच्या लहान बरणीत काठोकाठ भरून घट्ट झाकण लावा. वर शेडचा क्रमांक, फिनिश, बेस आणि तारीख लिहा. लेबलवरच्या सूत्राचा फोटो काढून ठेवा, कारण कंपन्या शेड कार्ड बदलतात आणि जुने क्रमांक कधीकधी गायब होतात. मॅट भिंतीवर छोटा ओरखडा या बरणीतून झाकता येतो. सॅटिनवर ठिगळ उठून दिसतं, तिथे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत रंगवावी लागते.